कै. नाना शंकरशेट आणि ज्यूरीचा हक्क

आपल्या दैवज्ञ ज्ञातीच्या कोणत्याही स्मरणिकेत कै. नाना शंकरशेट यांचे नाव आले नाही, असे सहसा घडत नाही. बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी, गिरगावच्या वाड्यातील मुलींची शाळा आणि मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती या गोष्टी आपल्या घरांतील लहान मुलांनाही ठाऊक असतात. तथापि नानांच्या चरित्रातील एक प्रकरण या सर्वांच्या आधीचे असूनही क्वचितच सांगितले जाते. न्यायालयात परक्यांच्या बरोबरीने बसून न्यायाच्या कामात भाग घेण्याचा हक्क मुंबईकरांस मिळाला, ते हे प्रकरण होय. त्या हक्काबरोबर आलेले ओझे पेढी आणि संसार सांभाळून कसे वाहावयाचे, हा प्रश्नही याच प्रकरणातला. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथे राहणाऱ्या आपल्या सभासद-कुटुंबांना सकाळची गाडी, कचेरी आणि घर यांतून सार्वजनिक कामाला वेळ काढणे किती कठीण जाते, हे आम्ही प्रत्यक्ष पाहतो. म्हणून यंदा नानांचे चरित्र याच बाजूने सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

घराणे आणि पेढी

जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे यांचा जन्म 1803 सालचा. घराणे मूळचे ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचे. अठराव्या शतकात हे कुटुंब मुंबईच्या कोटात येऊन स्थिरावले. कोटातील एका रस्त्यास पुढे गनबाव स्ट्रीट हे नाव पडले, ते या घराण्यातील गणबाशेट यांच्यावरून, असे मुंबईचे जुने इतिहासकार सांगतात. वडील शंकरशेट यांनी व्यापारात मोठी दौलत मिळविली. 1822 साली ते निवर्तले, तेव्हा नाना अवघे एकोणीस वर्षांचे होते. ज्या वयात आजचा मुलगा कॉलेजच्या परीक्षेची काळजी करतो, त्या वयात एवढ्या मोठ्या पेढीचा, जमीनजुमल्याचा आणि कुटुंबाचा भार नानांच्या शिरावर पडला.

त्या काळी पेढीचा मालक म्हणजे केवळ गादीवर बसणारा धनी नव्हे. रोजकीर्द, खतावणी, हुंडीची मुदत, बंदरात लागलेल्या गलबतांची वार्ता या सर्वांवर त्याची नजर असावी लागे. दर्शनी हुंडी समोर आली की पैसे द्यावयाचे. मुदती हुंडी ठरल्या दिवशी चुकती करावयाची. एक हुंडी परत गेली तरी बाजारात बभ्रा होई. नानांच्या पेढीची पत अशी की, अरब, अफगाण आणि इतर परदेशी व्यापारी आपली पुंजी बँकांपेक्षा त्यांच्याकडे ठेवणे अधिक पसंत करीत. ही पत हेच नानांचे पहिले भांडवल. पुढे न्यायाच्या कामात ज्या विश्वासाची गरज होती, तो त्यांनी प्रथम व्यवहारात मिळविला होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

वडील वारले त्याच वर्षी, म्हणजे 1822 साली, मुंबईत देशी भाषांतील शाळा व पुस्तके यांसाठी एक मंडळी स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या हिंदी सभासदांत तरुण नानांचे नाव आढळते. 1827 साली गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्वदेशी जाण्यास निघाले, तेव्हा त्यांच्या स्मारकासाठी मुंबईकरांनी दोन लाखांहून अधिक रुपये जमविले. पुतळ्यावर थांबण्याऐवजी विद्येसाठी अध्यापक नेमण्याकडे हा पैसा लावण्यात आला आणि त्यातूनच एल्फिन्स्टन कॉलेजाचा पाया पडला. या खटपटीतही नाना पुढे होते. पेढी आणि लोककार्य ही दोन कामे त्यांच्या आयुष्यात एकाच वेळी सुरू झाली, आणि ती अखेरपर्यंत तशीच चालली.

अपमान कोणता होता?

आता ज्यूरीकडे वळू. मुंबई बेटावर 1824 साली सुप्रीम कोर्टाचे काम सुरू झाले. त्याची फौजदारी रीत इंग्लंडातील रीतीवर बेतलेली होती. तीत ज्यूरी दोन प्रकारची असे. मोठी म्हणजे ग्रँड ज्यूरी. तिच्यात तेवीसपर्यंत प्रतिष्ठित गृहस्थ बसत. कोणावरही गंभीर आरोप आला की, खटला चालविण्याइतका पुरावा आहे किंवा नाही, हे प्रथम या मंडळींनी पाहावयाचे. निदान बारा जणांनी होकार दिल्याखेरीज तो मनुष्य आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहत नसे. शहरातील पोलिस, तुरुंग यांच्या स्थितीविषयी आपले मत न्यायाधीशांपुढे ठेवण्याची मुभाही या ज्यूरीस असे. दुसरी साधी ज्यूरी बारा जणांची. साक्षीपुरावा ऐकून आरोपी दोषी की निर्दोष, हे तिने एकमताने सांगावयाचे.

या व्यवस्थेत येथील लोकांचे स्थान काय? 1826 साली ब्रिटिश पार्लमेंटने जो कायदा केला, त्याने ख्रिस्ती नसलेल्या रहिवाशांसाठी साध्या ज्यूरीचे दार किलकिले केले. पण त्यावर दोन बंधने घातली. ग्रँड ज्यूरीत ख्रिस्ती नसलेल्याने बसावयाचे नाही, आणि आरोपी ख्रिस्ती असेल तर त्याच्या न्यायासाठी हिंदू, पारशी किंवा मुसलमान ज्यूरर चालावयाचा नाही. उलट आरोपी हिंदू असेल, तर ख्रिस्ती ज्यूररने त्याचा निकाल द्यावयास मात्र कोणतीच हरकत नाही! सोनाराच्या दुकानात सर्वांचे सोने कसोटीवर घासावयाचे, पण एका वर्गाच्या सोन्याला कसोटी लावावयाचीच नाही, असा हा न्याय होता. ज्या नानांच्या तिजोरीत परदेशी व्यापारी डोळे मिटून पैसा ठेवीत, त्या नानांच्या शब्दावर मात्र एका गोऱ्या खलाशाच्या खटल्यात विश्वास टाकता येत नव्हता.

या अपमानाची जाणीव कलकत्त्यास झाली तशीच मुंबईसही झाली. कलकत्त्यास राजा राममोहन राय यांनी या कायद्याविरुद्ध आवाज उठविला. मुंबईच्या हिंदू, पारशी व मुसलमान रहिवाशांनीही पार्लमेंटकडे दाद मागितली, आणि या खटपटीत नाना शंकरशेट अग्रभागी होते. लंकेचे दृष्टान्तही त्या वेळी डोळ्यांपुढे होतेच. तेथे सर अलेक्झांडर जॉन्स्टन यांनी 1811 सालापासून सर्व जातिधर्मांच्या लोकांना ज्यूरीत बसविले होते आणि त्याने काही आकाश कोसळले नव्हते. इंग्लंडात बोर्ड ऑफ कंट्रोलचे अध्यक्ष चार्ल्स ग्रँट यांनी हिंदी लोकांची बाजू घेतली. ईस्ट इंडिया कंपनीच्या डायरेक्टरांचा विरोध असतानाही 1832 साली पार्लमेंटने नवा कायदा मंजूर केला. त्याने ज्यूरीतील दोन्ही बंधने निघाली, आणि कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीन राजधान्यांत हिंदी गृहस्थांना जस्टिस ऑफ दि पीस म्हणून नेमण्याची वाट खुली झाली. याच चार्ल्स ग्रँट यांचे बंधू सर रॉबर्ट ग्रँट पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. आपण ज्या ग्रँट रोड स्टेशनावर उतरून नाना चौकाकडे जातो, ते नाव त्यांचे. एका बंधूच्या नावाचे स्टेशन आणि दुसऱ्या बंधूने ज्या हक्काला हात दिला त्यासाठी झटणाऱ्या नानांचा चौक, ही दोन्ही स्थळे हाकेच्या अंतरावर आहेत.

1834 साली मुंबई सरकारने पहिल्या हिंदी जस्टिसांची नेमणूक केली. त्यांत जगन्नाथ शंकरशेट होते. जमशेटजी जिजीभाई, फ्रामजी कावसजी, महंमद अली रोघे, ढाकजी दादाजी अशी निरनिराळ्या समाजांतील नामांकित मंडळी होती. यांपैकी फ्रामजी कावसजी हे पवईच्या इस्टेटीचे धनी. आज घाटकोपर-अंधेरीच्या दरम्यान जी पवई गजबजलेली दिसते, तेथे त्यांनी ऊस, नीळ, तुती अशा पिकांचे प्रयोग केले होते. एकजण गिरगावचा, एकजण पवईचा मालक, एकजण कोकणी मुसलमान व्यापारी. हे सर्व एकाच बाकावर गोऱ्यांच्या शेजारी बसू लागले, ही गोष्ट मुंबईने पूर्वी पाहिली नव्हती.

हक्काचे ओझे

मिळालेला हक्क गोड वाटतो; पण तो वापरावयाचा म्हणजे दिवस खर्ची घालावा लागतो. जस्टिसाला किरकोळ फौजदारी कामांत बसावे लागे, शहरातील रस्ते, साफसफाई, घरपट्टी यांच्या व्यवहारात लक्ष घालावे लागे, आणि यांपैकी कशाचेही वेतन नव्हते. 1845 साली शहराच्या साफसफाईसाठी जे बोर्ड नेमले गेले, त्यातही जस्टिसांतून निवडलेल्या हिंदी सभासदांस जागा देण्यात आली. आजच्या महानगरपालिकेचे बीज या जस्टिसांच्या बिनपगारी कामात आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

ज्यूरीचे काम तर त्याहून जड. सुप्रीम कोर्ट त्या काळी कोटात अपोलो स्ट्रीटवर होते. सेशन सुरू झाले की समन्स येई, आणि समन्स आले की पेढीचा धनी असो वा कारकून, त्याने सकाळी हजर राहिलेच पाहिजे. गैरहजर राहिल्यास दंड. आपले नाव कोणत्या दिवशी पुकारले जाईल, खटला एका दिवसात आटोपेल की लांबेल, हे आधी कोणी सांगू शकत नसे. इंग्रजी कायद्याच्या त्या काळच्या रीतीप्रमाणे ज्यूरी निकालासाठी आत गेली की, एकमत होईपर्यंत तिने अन्नपाण्यावाचून कोंडून राहावयाचे. परगावी हुंडीची मुदत भरते आहे, घरी श्राद्धाचे ब्राह्मण खोळंबले आहेत, लग्नघरी वरपक्षाची मंडळी वाट पाहत आहेत, आणि हा गृहस्थ आत बसला आहे, असा प्रसंग कोणावरही येई. सोवळे पाळणाऱ्या घरांत तर परधर्मीयांच्या शेजारी दिवसभर बसून आलेल्या कर्त्या पुरुषाविषयी कुरकुर होणे साहजिकच होते.

म्हणून ज्या हक्कासाठी काल अर्ज केला, त्याच हक्काचे समन्स आज हाती आले असता प्रकृतीची सबब सांगून मोकळे होण्याचा मोह व्यापाऱ्यांना होत असल्यास नवल नाही. आणि येथेच खरी कसोटी होती. कंपनीच्या डायरेक्टरांचे म्हणणे हेच की, हे लोक या कामाला लायक नाहीत. हक्क मिळाल्यावर बाक रिकामे राहिले असते, तर त्या म्हणण्याला आपणच पुरावा दिल्यासारखे झाले असते. हक्क मागताना सभेत हजारो हात वर होतात. तो टिकवावयाचा तो मात्र एकेकट्या माणसाने, आपल्या एकेका दिवसाची किंमत देऊन.

नानांनी वेळ कोठून आणला?

नानांच्या आयुष्यातील सालांची नुसती उजळणी केली तरी मन थक्क होते. 1834 पासून जस्टिस. 1840 साली शिक्षणमंडळाचे, म्हणजे बोर्ड ऑफ एज्युकेशनचे, सभासद. ते काम 1856 पर्यंत. 1845 साली जमशेटजींच्या सहकार्याने आगगाडीसाठी मंडळी. 1849 साली स्वतःच्या वाड्यात मुलींची शाळा. 26 ऑगस्ट 1852 रोजी बॉम्बे असोसिएशनची स्थापना व तिचे अध्यक्षपद. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी, आणि तिच्या उतारूंत स्वतः नाना. 1857 साली मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंत समावेश. 1862 साली मुंबईच्या कायदेमंडळावर नेमणूक. आणि या सर्व काळात पेढी चालू, घर चालू, सण-समारंभ चालू.

हे कसे साधले, याचे काही गमक त्यांच्या चरित्रातच सापडते. पहिली गोष्ट, त्यांनी घर आणि लोककार्य यांच्यामध्ये भिंत उभी केली नाही. मुलींची शाळा दूर कोठे तरी काढून तिच्या सभांना जाण्यासाठी वेळ काढण्याऐवजी त्यांनी शाळाच आपल्या वाड्यात आणली. रेल्वे कंपनीच्या आरंभीच्या कचेरीसाठीही त्यांनी आपल्या घरातील जागा दिली, असे चरित्रकार सांगतात. त्यामुळे घरातील माणसांना लोककार्य म्हणजे कर्त्या पुरुषाला पळवून नेणारी सवत वाटली नसावी. ते आपल्याच ओसरीवर चाललेले काम झाले. त्याची झळही अर्थात घराला लागली. त्या काळी मुलींना शिकविणे म्हणजे लोकांचे बोल ऐकणे होते, आणि ते बोल एकट्या नानांना नव्हे, घरच्या बायकामुलांनाही ऐकावे लागले असणार. चरित्रग्रंथांत त्या माउलींची नावे ठळक नसतात. परंतु वाड्याचे दार उघडे ठेवण्याचा खर्च त्यांनीही सोसला, हे आपल्या महिला वाचकांनी अवश्य लक्षात घ्यावे.

दुसरी गोष्ट, नाना एकटे चालले नाहीत. जमशेटजी, फ्रामजी, रोघे, पुढे डॉ. भाऊ दाजी, दादाभाई नवरोजी अशा सर्व समाजांतील मंडळींशी त्यांनी कामे वाटून घेतली. ज्ञातीचा अभिमान त्यांच्या ठायी होता, पण तो इतरांस दूर लोटणारा नव्हता. ज्यूरीचा बाक हा स्वभावतःच मिश्र असतो. तेथे पारशी, हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती यांनी एका खोलीत बसून एका मतावर यावयाचे असते. त्या बाकाची शिस्त नानांनी आपल्या सर्वच कामांत आणली, असे आम्हांस वाटते.

तिसरी गोष्ट, त्यांनी खुर्चीसाठी मत विकले नाही. याचे उत्तम उदाहरण शिक्षणमंडळातील आहे. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती, आणि पुढे मुख्य न्यायमूर्ती. उच्च शिक्षणात इंग्रजीलाच प्राधान्य द्यावे, हा त्यांचा आग्रह. नाना, इतर हिंदी सभासद व कर्नल जर्व्हिस यांचे म्हणणे असे की, बहुजनांपर्यंत ज्ञान पोहोचवावयाचे तर ते मातृभाषेतूनच पोहोचेल. न्यायमूर्तींना त्यांच्याच अध्यक्षतेखालील सभेत विरोध करणे मुंबईच्या व्यापाऱ्यास सोपे नव्हते. तरी नानांनी आपले मत लेखी मांडले, आणि मतभेद असूनही मंडळातील काम सोडले नाही. रुसून घरी बसणे हा वेळ वाचविण्याचा सर्वांत सोपा मार्ग असतो. तो त्यांनी पत्करला नाही. पुढे पेरी यांच्या स्मरणार्थ कायद्याचे अध्यापन सुरू झाले आणि 1855 साली मुंबईत कायद्याचे शिक्षण रुजले.

संशयाच्या फेऱ्यात

1857 साली नानांवर एक विलक्षण प्रसंग ओढवला. उत्तरेतील उठावाची धग मुंबईस पोहोचली आणि इंग्रज अधिकाऱ्यांना प्रतिष्ठित हिंदी गृहस्थांचा संशय येऊ लागला. नानांचेही नाव त्यात गोवले गेले. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत त्यांची चौकशी झाली. ज्याने वीस-बावीस वर्षे जस्टिस म्हणून काम केले, त्याच्याच दारी संशय उभा राहिला. आरोप आणि पुरावा यांत अंतर असते. कोणीतरी सांगितले एवढ्यावरून माणूस गुन्हेगार ठरत नाही. ग्रँड ज्यूरीचे मूळ तत्त्व हेच होते, आणि नानांना आता त्या तत्त्वाच्या दुसऱ्या बाजूस उभे राहावे लागले. चौकशीत काहीही निष्पन्न झाले नाही व नाना निष्कलंक ठरले. या प्रसंगानंतर सरकारी कामांतून अंग काढून घेतले असते तर कोणी त्यांस दोष दिला नसता. परंतु पाच वर्षांनी, 1862 साली, ते कायदेमंडळात बसले. त्याच साली पायाभरणी झालेल्या राणीच्या बागेतील संग्रहालयाच्या कामातही ते होते. सोनापूरची स्मशानभूमी वस्तीपासून दूर हलविण्याचा बेत सरकारने केला, तेव्हा गोरगरिबांची अडचण मांडून तो बेत थांबविण्यातही नानांचाच पुढाकार होता.

एक वर्ष, तीन अखेरी

1865 हे साल मुंबईच्या इतिहासात दुःखाचे. अमेरिकेतील यादवी संपली, कापसाचे भाव कोसळले आणि 1 जुलै रोजी शेअरबाजाराचा फुगा फुटून कित्येक नामांकित पेढ्या बसल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस, 31 जुलै 1865 रोजी, नाना शंकरशेट यांनी देह ठेवला. आणि योगायोग असा की, याच वर्षीच्या कायद्याने तीनही राजधान्यांतील ग्रँड ज्यूरी रद्द झाली. ज्या आसनाचे दार उघडण्यासाठी नाना तरुणपणी झटले, ते आसन आणि ते स्वतः एकाच वर्षी काळाच्या पडद्याआड गेले. नानांचा संगमरवरी पुतळा टाऊन हॉलमध्ये उभा राहिला. त्यांचे चिरंजीव विनायकराव यांनी वडिलांचे लोककार्य पुढे चालविले.

साधी ज्यूरी मात्र राहिली, आणि नानांच्या पिढीने मिळविलेल्या हक्काचे मोल त्यानंतर दोनदा साऱ्या देशास कळले. 1897 साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला मुंबई हायकोर्टात चालला. ज्यूरीतील सहा जणांनी दोषी आणि तीन जणांनी निर्दोष असे मत दिले. ते तिघे हिंदी होते. 1908 साली पुन्हा खटला झाला. सात विरुद्ध दोन असे मत पडले आणि ते दोघे पुन्हा येथलेच. टिळकांना शिक्षा झाली ही गोष्ट खरी. पण भर न्यायालयात या भूमीच्या माणसांनी दिलेले निर्दोष हे मत कागदावर कायमचे उमटले. 1832 सालापूर्वीचीच बंधने असती, तर हे बाक कोणाच्या हाती राहिले असते, याचा विचार वाचकांनी करावा. त्या पाच जणांनाही त्या दिवसांत दुकान, कचेरी आणि घर होतेच.

पुढे उपनगरे मुंबईत सामील झाली. नानांच्या काळी अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही गावे साष्टीची, म्हणजे ठाणे जिल्ह्यातील, आणि सुप्रीम कोर्टाच्या ज्यूरीशी त्यांचा संबंध नव्हता. 1950 व 1957 साली महानगरपालिकेची हद्द वाढली आणि बृहन्मुंबईच्या सत्र न्यायालयाचा कारभार उपनगरांतील नोकरदारांच्या परिचयाचा झाला. 1959 साली नानावटी खटल्यात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने आरोपीस निर्दोष ठरविले. हायकोर्टाने तो निर्णय फिरविला आणि 1961 साली सुप्रीम कोर्टाने शिक्षा कायम केली. या खटल्यामुळेच ज्यूरी गेली, असे सर्रास सांगितले जाते. ते तितकेसे बरोबर नाही. विधि आयोगाने 1958 सालीच ज्यूरी बंद करण्याची शिफारस केली होती. अखेर 1974 पासून अंमलात आलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला स्थान उरले नाही. पारशी समाजाच्या विवाहविषयक न्यायालयांत प्रतिनिधी बसतात, तेवढीच तिची खूण आता शिल्लक आहे.

आपल्यापुरते

ज्यूरी गेली, पण समन्स बंद झाले नाही, फक्त त्याचे रूप पालटले. रस्त्यावर अपघात झाला आणि पोलिसांनी पंच म्हणून सही मागितली, की आपण पाठ फिरवितो, कारण पुढे तारखा पडतील आणि रजा खर्ची पडेल. साक्षीदार म्हणून नाव आले की वकिलाकडे धावतो. निवडणुकीच्या कामाचा हुकूम आला की डॉक्टरांचे प्रमाणपत्र शोधतो. गृहनिर्माण संस्थेच्या सभेला गणसंख्या जमत नाही, आणि आपल्या ज्ञातिसंस्थेच्या कार्यकारी मंडळासाठी दरवर्षी त्याच त्या चार जणांना गळ घालावी लागते. सबबी खोट्या नसतात. लोकलची गर्दी खरी, आजारी वडील खरे, मुलांच्या परीक्षा खऱ्या. नानांच्या हुंड्यांच्या मुदती आणि घरची श्राद्धेही खरीच होती.

एकाच माणसाने सर्व करावे, असे आम्ही म्हणत नाही. नानांनीही तसे केले नाही. त्यांच्या चरित्रावरून आम्हांस एवढेच सुचवावेसे वाटते की, ज्या घरातील एकजण साक्षीला, पंचनाम्याला किंवा संस्थेच्या कामाला जातो, त्या घरातील इतरांनी त्या दिवसाचा भार आपसांत वाटून घ्यावा, आणि तो मनुष्य घरी परतल्यावर त्याचा दिवस फुकट गेला असे त्यास म्हणू नये. पेढी व कचेरी चालविणाऱ्या आपल्या सभासदांनीही न्यायालयाच्या तारखेला जाणाऱ्या नोकरास रजेचा हिशेब विचारताना हात आखडता घेऊ नये. घरात आणि धंद्यात एवढी सोय झाली, तर उपनगरांतून कोर्टापर्यंतचे अंतर बरेच कमी होईल.

सोन्याचा कस ठरविण्यासाठी ते कसोटीवर घासावे लागते. त्यात त्याचा थोडा अंश झिजतो, पण त्यावाचून त्याची किंमत कोणास कळत नाही. सोन्याशी पिढ्यान्‌पिढ्या नाते असलेल्या आपल्या ज्ञातीस हे वेगळे सांगावयास नको. नाना शंकरशेट यांनी आपला वेळ असाच झिजविला आणि साऱ्या मुंबईचा कस सिद्ध केला. त्यांच्या पुण्यस्मृतीस आम्ही सर्व सभासद-कुटुंबांच्या वतीने विनम्र अभिवादन करतो.